‘जो–तो’मधला स्वल्पविराम: लेखी इंग्रजीत रिलेटिव्ह क्लॉज कसा लिहावा

काही वर्षांपूर्वी सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्याचा परदेशी पत्रव्यवहार मी पाहत होते. एका खेपेतील काही खोकी वाटेत भिजली आणि आतल्या टॉवेलांवर डाग पडले. ग्राहकाची समजूत घालण्यासाठी मी लिहिले, "द टॉवेल्स, व्हिच वेअर स्टेन्ड इन ट्रान्झिट, विल बी रिप्लेस्ड अ‍ॅट अवर कॉस्ट." मला म्हणायचे होते की जे टॉवेल डागाळले आहेत, ते आम्ही आमच्या खर्चाने बदलून देऊ. ग्राहकाने अर्थ घेतला तो असा की खेपेतले सगळेच टॉवेल डागाळले असून सगळेच बदलून मिळणार आहेत, आणि त्याप्रमाणे आभाराचे पत्रही पाठवले. चूक त्याची नव्हती, कारण माझ्या वाक्यातल्या दोन स्वल्पविरामांचा इंग्रजीत तोच अर्थ होतो. मालकांनी फोनवरून प्रकरण निस्तरले. मात्र ते स्वल्पविराम माझ्या हातून पडले कसे, हे कळायला मला बराच काळ लागला.

ते पडले मराठीमुळे. ‘जे टॉवेल डागाळले आहेत, ते आम्ही बदलून देऊ’ हे वाक्य आपण मराठीत लिहितो तेव्हा गौण वाक्य संपले, आता मुख्य वाक्य सुरू होते, एवढे दाखवण्यासाठी मध्ये स्वल्पविराम देतो. त्या चिन्हाने अर्थात काडीचा फरक पडत नाही. ते विसरले तरी वाचणारा अडखळत नाही. इंग्रजीत मात्र त्याच जागी स्वल्पविराम असणे आणि नसणे ही दोन वेगळी विधाने होतात. रिलेटिव्ह क्लॉज, म्हणजे शाळेच्या व्याकरणातले विशेषण वाक्य, मराठी माणसाला अवघड जाते ते ‘हू’ आणि ‘व्हिच’ या शब्दांमुळे फारसे नाही. आपली वाक्य जोडण्याची सवय नकळत त्या शब्दांमागून चालत येते, म्हणून. त्या सवयी ओळखून कशा बाजूला ठेवायच्या, ते येथे सांगत आहे. इंग्रजी उदाहरणे देवनागरीतच दिली आहेत. वाचकाने ती एकदा वहीत इंग्रजी लिपीत उतरवून पाहावीत, म्हणजे हात बसेल.

‘तो’ गाळावा लागतो

मराठीत विशेषण वाक्याची रीत जोडीची आहे. जो आला की मागून तो येतो, जिथेच्या मागे तिथे, जेव्हाच्या मागे तेव्हा. ‘जो मुलगा पहिल्या बाकावर बसतो, तो माझा भाचा आहे’ या वाक्यात गौण वाक्य आधी आहे, ‘मुलगा’ हे नाम त्याच्या पोटात आहे, आणि मुख्य वाक्यात त्या नामाची जागा ‘तो’ राखतो. इंग्रजीत नाम मुख्य वाक्यातच राहते, गौण वाक्य त्याला पाठीमागून चिकटते आणि ‘तो’साठी कोणताही शब्द येत नाही: "द बॉय हू सिट्स ऑन द फर्स्ट बेंच इज माय नेफ्यू." मराठी क्रम तसाच उचलला की "व्हिच बुक आय बॉट, दॅट इज लॉस्ट" असे वाक्य तयार होते, शब्द सगळे इंग्रजी, बांधणी सगळी मराठी. थोडे इंग्रजी आलेला माणूस नाम पुढे आणतो, पण ‘तो’ सोडायला त्याचे मन होत नाही, आणि मग "द मॅन हू केम येस्टर्डे, ही इज माय अंकल" असे लिहिले जाते. यातले ‘ही’ आणि त्याआधीचा स्वल्पविराम काढला की वाक्य शुद्ध होते. हीच चूक गौण वाक्याच्या आतही होते: "द चादर व्हिच आय बॉट इट" यात ‘व्हिच’ने चादरीची जागा आधीच घेतलेली आहे, म्हणून ‘इट’ला तेथे बसायला जागा नाही.

खात्री नसेल तेव्हा एक जुनी पण उपयोगी रीत आहे. आधी दोन साधी वाक्ये लिहावीत, दोन्हींत सामाईक नाम कोणते ते पाहावे, दुसऱ्या वाक्यातले ते नाम खोडून माणूस असल्यास ‘हू’ आणि वस्तू असल्यास ‘व्हिच’ किंवा ‘दॅट’ घालावे, आणि तो सगळा तुकडा उचलून पहिल्या वाक्यातल्या नामाला लगटून ठेवावा. "द वीव्हर लिव्ह्ज इन साखर पेठ" हे पहिले वाक्य आणि "द वीव्हर मेड धिस चादर" हे दुसरे. दुसऱ्याचे "हू मेड धिस चादर" झाले, आणि ते ‘वीव्हर’च्या लगेच मागे बसवल्यावर "द वीव्हर हू मेड धिस चादर लिव्ह्ज इन साखर पेठ" असे वाक्य मिळाले. येथे पहिले वाक्य मधोमध फोडावे लागते, याची आपल्याला सवय नसते. मराठीत दोन वाक्ये एकमेकांशेजारी बसतात, तर इंग्रजीत एक वाक्य दुसऱ्याच्या पोटात शिरते. लांबलचक तुकडा मध्ये घातल्यावर शेवटचे क्रियापद लिहायचेच राहून जाते, म्हणून लिहून झाल्यावर तो तुकडा बोटाने झाकून उरलेले वाक्य वाचून पाहावे.

जो–तोच्या जोडीला इंग्रजीत कधी कधी एकशब्दी उत्तर असते, त्यातले नेहमी भेटणारे म्हणजे ‘व्हॉट’. ‘तो जे म्हणाला ते खरे होते’ याचे "व्हॉट ही सेड वॉज ट्रू" होते. त्या एका ‘व्हॉट’मध्ये जे आणि ते दोन्ही सामावलेले असतात. म्हणूनच त्याच्या आधी पुन्हा नाम किंवा ‘ऑल’ चालत नाही. "ऑल व्हॉट ही सेड" हे आपल्याकडे सर्रास ऐकू येते, पण लेखनात ते "ऑल दॅट ही सेड" असेच असले पाहिजे.

सोलापुरात अनेक घरांत तेलुगू किंवा कन्नड बोलली जाते आणि उंबऱ्याबाहेर मराठी. अशा घरातल्या विद्यार्थ्यांना शिकवताना मला एक सोय सापडली. ‘मी आणलेले पुस्तक’ हे तेलुगूत ‘नेनु तेच्चिन पुस्तकं’ आणि कन्नडात ‘नानु तंद पुस्तक’ असे होते. तिन्ही भाषांत ‘पुस्तक’ सर्वांत शेवटी आहे, ‘आणलेले’ त्याच्या आधी आहे, आणि जो, हू, व्हिच असा कोणताही दुवा मध्ये नाही. इंग्रजीत याच रांगेतले शेवटचे नाम उचलून सर्वांत पुढे आणायचे: "द बुक आय ब्रॉट." पुस्तक पुढे, मी त्याच्या मागे, आणलेले शेवटी. ज्या मुलांना जो–तोवरून इंग्रजीत जाताना ‘ही’ आणि ‘इट’ सुटत नव्हते, त्यांना ‘आणलेले पुस्तक’वरून जाताना ते घालावेसेच वाटले नाहीत. म्हणून माझा सल्ला असा की मनातले वाक्य जो–तोचे असेल तर ते आधी ‘-णारा’ किंवा ‘-लेला’ लावून मराठीतच आवळून घ्यावे आणि मगच इंग्रजीकडे वळावे.

यात एक खोच आहे. ‘-णारा’ म्हणजे ‘आयएनजी’ आणि ‘-लेला’ म्हणजे ‘ईडी’ हे समीकरण अर्धेच खरे आहे. ‘सोलापुरात तयार झालेले टॉवेल’ याचे "टॉवेल्स मेड इन सोलापूर" आणि ‘रांगेत उभे असलेले प्रवासी’ याचे "पॅसेंजर्स स्टँडिंग इन द क्यू" हे उत्तम आहे. परंतु ‘काल आलेला माणूस’ याचे तसे आखूड रूप होत नाही, कारण ‘येणे’ अकर्मक आहे; तेथे "द मॅन हू केम येस्टर्डे" असे पूर्ण वाक्यच लिहावे लागते. आणि ‘मी वाचलेले पुस्तक’ याचे "द बुक रेड बाय मी" हे व्याकरणाने चुकीचे नसले तरी कोर्टाच्या कागदासारखे वाटते. "द बुक आय रेड" हे सरळ आहे.

दुवा गाळायचा कधी, हेही येथेच सांगून टाकते. ‘हू’ किंवा ‘व्हिच’ बिनस्वल्पविरामाच्या गौण वाक्याचे कर्म असेल तर गाळता येते, कर्ता असेल तर येत नाही. "द चादर आय बॉट" चालते, कारण विकत घेणारी मी आहे. "द मॅन लिव्ह्ज नेक्स्ट डोअर इज अ टेलर" चालत नाही, कारण राहणारा तो माणूस आहे आणि ‘हू’ काढल्यावर ‘लिव्ह्ज’ला कर्ताच उरत नाही.

स्वल्पविराम द्यावा की देऊ नये

आता त्या डागाळलेल्या टॉवेलांकडे परत येऊ. विशेषण वाक्य लिहून झाले की स्वतःला एकच प्रश्न विचारावा: हे वाक्य ‘कोणता?’ या प्रश्नाचे उत्तर देते का? कोणते टॉवेल? डागाळलेले तेवढेच. मग स्वल्पविराम नको: "द टॉवेल्स दॅट वेअर स्टेन्ड इन ट्रान्झिट विल बी रिप्लेस्ड." उलट, कोणते ते वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असेल आणि आपण फक्त जाता जाता अधिक माहिती देत असू, तर त्या माहितीला दोन्ही बाजूंनी स्वल्पविरामांचे कुंपण घालावे. कुंपणातला मजकूर उचलून टाकला तरी वाक्य खरे राहते, हा त्याचा अर्थ. आणि माझ्या पत्रातून तो मजकूर उचलला की "द टॉवेल्स विल बी रिप्लेस्ड", म्हणजे सगळी खेप, एवढेच उरत होते. ग्राहकाने तेच वाचले.

कारखान्याच्या सूचनाफलकावर "एम्प्लॉईज हू हॅव नॉट सबमिटेड द फॉर्म विल नॉट गेट द बोनस" असे लावले तर अर्ज न दिलेल्यांचाच बोनस अडतो. ‘एम्प्लॉईज’नंतर आणि ‘फॉर्म’नंतर स्वल्पविराम दिले तर कोणीच अर्ज दिलेला नाही आणि बोनस कोणालाच मिळणार नाही, असे होते. घरातले उदाहरण घ्यावे. "माय ब्रदर हू वर्क्स इन पुणे इज कमिंग" असे बिनस्वल्पविरामाचे लिहिले की वाचणारा समजतो की आपल्याला भाऊ एकाहून अधिक आहेत आणि त्यांतला पुण्याचा येत आहे; स्वल्पविराम दिले की भाऊ एकच. मराठीत हा भेद आपण चिन्हाने करतच नाही. ‘पुण्याला नोकरी करणारा माझा भाऊ’ यावरून भाऊ किती, ते कळत नाही, आणि कळायला हवे असेल तर आपण ‘माझा एकुलता एक भाऊ’ किंवा ‘पुण्याचा तो’ असे शब्दच वापरतो. म्हणून इंग्रजी लिहिताना हा विचार मुद्दाम, थांबून, करावा लागतो.

विशेषनामाला बहुधा स्वल्पविराम लागतोच, कारण नाव घेतल्यावर ‘कोणता?’ हा प्रश्न संपलेला असतो. "डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस, हू वॉज बॉर्न इन सोलापूर, वेंट टु चायना इन १९३८ अँड डाइड देअर इन १९४२." येथे दुसरा स्वल्पविराम, ‘सोलापूर’नंतरचा, विसरणे ही मला सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे, कुंपण एका बाजूने उघडे राहते आणि वाचणारा पुढचे क्रियापद कोणाचे ते शोधत बसतो. अपवाद एवढाच की कधी कधी आपण नावाचेही भाग पाडतो: "द सोलापूर दॅट माय ग्रँडफादर न्यू" म्हणजे गिरण्यांच्या भोंग्यांवर उठणारे आजोबांच्या काळातले सोलापूर, आजचे नव्हे. नावाच्या आधी आलेला ‘द’ ही त्या अपवादाची खूण आहे, आणि तेथे स्वल्पविराम येत नाही.

याहून बारीक गोष्ट अशी की तेच वाक्य, तीच माहिती, पण वाचक बदलला की स्वल्पविराम बदलतो. १९३० साली सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला, आणि मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. सोलापूरच्या वाचकांसाठी इंग्रजीत लिहायचे असेल तर "द फोर मार्टर्स, हू वेअर हँग्ड अ‍ॅट येरवडा इन १९३१, आर रिमेम्बर्ड एव्हरी जॅन्युअरी" असे स्वल्पविराम देऊन लिहावे, कारण या शहरात ‘चार हुतात्मे’ म्हटल्यावर कोणते चार, असे कोणी विचारत नाही. चौकालाच त्यांचे नाव आहे. परंतु ज्याने सोलापूर पाहिलेले नाही अशा वाचकाला "द फोर मेन हू वेअर हँग्ड अ‍ॅट येरवडा ऑन १२ जॅन्युअरी १९३१ केम फ्रॉम सोलापूर" असे बिनस्वल्पविरामाचे वाक्य द्यावे लागते, कारण त्याच्यासाठी ती फाशीच त्या चौघांची ओळख आहे. व्याकरणाच्या पुस्तकात हा नियम ठरीव वाटतो, प्रत्यक्षात मात्र समोर वाचणारा कोण आहे याचा अंदाज घेऊनच स्वल्पविराम द्यावा लागतो.

‘व्हिच’ आणि ‘दॅट’ यांचा वाद याच भेदातून निघाला. हेन्री फाउलर या इंग्रज कोशकाराने १९२६ साली अशी सूचना केली की ‘कोणता?’चे उत्तर देणाऱ्या वाक्यात ‘दॅट’ आणि जास्तीची माहिती देणाऱ्या वाक्यात ‘व्हिच’ अशी वाटणी झाली तर बरे होईल. अमेरिकेतल्या संपादकांनी ती सूचना जवळजवळ नियमासारखी उचलली. इंग्लंडमध्ये बिनस्वल्पविरामाचे ‘व्हिच’ आजही निर्धास्त लिहिले जाते. आपल्याकडची पाठ्यपुस्तके इंग्लंडच्या वळणाची असतात, पण संगणकावर लिहिताना वर्डसारखी प्रणाली त्याच ‘व्हिच’खाली रेघ ओढते आणि लिहिणारा गोंधळतो. ती रेघ म्हणजे चूक नव्हे, आवडीचा भाग आहे. उलट बाजू मात्र दोन्ही देशांत पक्की आहे: स्वल्पविरामानंतर ‘दॅट’ लिहू नये. मी स्वतः वस्तूंसाठी फाउलरची वाटणी पाळते, कारण ‘दॅट’ लिहिताच स्वल्पविराम द्यायला हात धजत नाही, आणि माझ्यासारखीला एवढा पहारा पुरतो. माणसांसाठी दोन्ही ठिकाणी ‘हू’ लिहावे. ‘ऑल’, ‘एव्हरीथिंग’, ‘नथिंग’, ‘द ओन्ली’ आणि ‘द बेस्ट’सारख्या शब्दांनंतर वस्तूंसाठी ‘दॅट’च शोभते.

ज्याने, ज्याला, ज्याच्यावर

‘हू’ आणि ‘हूम’ यांत निवड करताना मराठी विभक्तीवर विसंबू नये. ‘ज्याने ही चादर विणली’ यातल्या ‘ने’मुळे काही जण "बाय हूम" लिहायला जातात, परंतु विणणारा तोच आहे, म्हणून "द वीव्हर हू वोव्ह धिस चादर." ‘ज्याला’ तर आणखी फसवा. ‘ज्याला कन्नड येते असा कारकून’ याचे "अ क्लार्क हू नोज कन्नड" होते, ‘ज्याला ताप आहे ते मूल’ याचे "द चाइल्ड हू हॅज फीव्हर", आणि ‘ज्याला आम्ही बोलावले तो पाहुणा’ येथेच फक्त "द गेस्ट हूम वी इन्व्हायटेड" होते. तीनदा ‘ला’, त्यांत ‘हूम’ एकदाच. कसोटी इंग्रजीतच करावी: गौण वाक्य सुटे करून त्यात ‘ही’ बसते की ‘हिम’, ते पाहावे. "ही नोज कन्नड" म्हणून ‘हू’. "वी इन्व्हायटेड हिम" म्हणून ‘हूम’. मध्ये ‘आम्हाला वाटते’ असे काही आले की अनुभवी माणसेही घसरतात. "द कँडिडेट हू वी बिलीव्ह इज सुटेबल" हेच बरोबर आहे, कारण "वी बिलीव्ह ही इज सुटेबल"; उगाच रुबाबदार दिसते म्हणून तेथे ‘हूम’ घालू नये.

‘ज्याचा, ज्याची, ज्याचे, ज्यांच्या’ या सगळ्यांना ‘हूज’ हा एकच शब्द पुरतो, आणि तो निर्जीव वस्तूंनाही चालतो: "अ लूम हूज मोटर हॅज फेल्ड." त्याऐवजी "व्हिच मोटर" लिहिणे चूक आहे, आणि ‘हूज’नंतर ‘द’ही येत नाही. ‘हू इज’चे आखूड रूप कानाला अगदी तसेच लागते, पण ते अ‍ॅपॉस्ट्रॉफी देऊन लिहितात; विशेषण वाक्यात ‘ज्याचा’ या अर्थी ते कधीही येत नाही.

मराठीत ‘वर’, ‘त’, ‘शी’, ‘साठी’ हे सगळे शब्दालाच चिकटलेले असतात, म्हणून ‘ज्या खुर्चीवर मी बसले’ याचे इंग्रजी करताना तो ‘वर’ हमखास गळतो आणि "द चेअर व्हिच आय सॅट" असे अर्धवट वाक्य राहते. तो ‘ऑन’ कोठेतरी ठेवावाच लागतो, एक तर ‘व्हिच’च्या आधी, नाही तर अगदी शेवटी: "द चेअर ऑन व्हिच आय सॅट" किंवा "द चेअर आय सॅट ऑन." दोन्हीकडे ठेवू नये. शेवटी ठेवणे अशुद्ध असते, असे आपल्याला शाळेत सांगितलेले असते. ही तक्रार जुनी आहे. जॉन ड्रायडन या कवीने १६७२ साली बेन जॉन्सनच्या लेखनातल्या अशा वाक्यांना नावे ठेवली होती, आणि पुढे शाळामास्तरांनी त्याचा नियम करून टाकला. प्रत्यक्षात चांगले लेखक दोन्ही रीतींनी लिहितात. अर्ज, करार आणि प्रबंध यांत ‘ऑन व्हिच’ शोभते, साध्या पत्रात शेवटचा ‘ऑन’ मोकळा वाटतो. मात्र ‘ऑन’, ‘इन’, ‘टु’ यांच्या लगेच मागे ‘दॅट’ येत नाही आणि ‘हू’चे ‘हूम’ होते, एवढे लक्षात ठेवावे.

‘व्हेअर’ लिहिण्यापूर्वी मनात ‘तिथे’ म्हणून पाहावे. "द टेम्पल व्हेअर वी वेंट" ठीक आहे, कारण आम्ही तिथे गेलो. "द टेम्पल व्हेअर वी व्हिजिटेड" चूक आहे, कारण ‘व्हिजिट’ला कर्म लागते, म्हणून "द टेम्पल दॅट वी व्हिजिटेड." ‘व्हेन’चेही तसेच आहे. "द रीझन व्हाय" नंतर ‘बिकॉज’ लिहू नये. कारण दोनदा सांगितले जाते.

नामापासून लांब जाऊ नये

"आय बॉट अ चादर फ्रॉम अ शॉप इन नवी पेठ व्हिच इज मेड ऑफ प्युअर कॉटन." हे वाक्य एका विद्यार्थिनीने लिहिले होते, आणि वर्गाने ते वाचून नवी पेठ सुताची की दुकान सुताचे, यावर पाच मिनिटे घालवली. विशेषण वाक्य सर्वांत जवळच्या नामाला चिकटते, मग लिहिणाऱ्याच्या मनात काहीही असो. मराठीत ‘जी चादर… ती’ अशी लिंगाची गाठ असल्यामुळे लांबवरूनही संबंध कळतो: चादर स्त्रीलिंगी, दुकान नपुंसकलिंगी. ‘व्हिच’ला लिंग नाही, त्यामुळे जागा हाच त्याचा एकमेव आधार आहे. येथे वाक्य सुधारण्याचा सोपा मार्ग म्हणजे विशेषण वाक्यच काढून टाकणे: "आय बॉट अ प्युअर कॉटन चादर फ्रॉम अ शॉप इन नवी पेठ."

कधी कधी ‘व्हिच’ एखाद्या नामाकडे न पाहता मागच्या सबंध वाक्याकडे पाहतो: "द वॉटर केम आफ्टर फाइव्ह डेज, व्हिच सरप्राइज्ड नोबडी इन अवर लेन." येथे स्वल्पविराम सक्तीचा आहे. ही रचना सोयीची असली तरी "ही शोड मी द लेटर, व्हिच अपसेट मी" यात पत्राने त्रास झाला की ते दाखवण्याने, हे कळत नाही. शंका येत असेल तेथे दोन वाक्ये करावीत.

‘हू’ ज्याच्याविषयी सांगतो, तेच क्रियापदाचे वचन ठरवते. "शी इज वन ऑफ द वीव्हर्स हू हॅव वन अ‍ॅवॉर्ड्स", कारण पुरस्कार मिळालेल्या विणकरांचा गट आहे आणि ती त्यांतली एक. पण "शी इज द ओन्ली वन ऑफ द वीव्हर्स हू हॅज वन अ‍ॅन अ‍ॅवॉर्ड", कारण पुरस्कार तिला एकटीलाच मिळाला आहे.

शेवटी एक खरा अर्ज दाखवते. आमच्या शेजारच्या काकांनी रस्त्यावरच्या दिव्यासाठी तो लिहिला होता आणि पाठवण्यापूर्वी माझ्याकडे आणला: "आय अ‍ॅम लिव्हिंग इन अवर लेन व्हिच इज बिहाइंड द स्कूल व्हिच वॉज रिपेअर्ड लास्ट इयर इन व्हिच देअर इज ओन्ली वन स्ट्रीटलाइट व्हिच इट इज नॉट वर्किंग सिन्स टू मंथ्स." चार ‘व्हिच’, एकही स्वल्पविराम नाही. पहिला ‘व्हिच’ बोळाचा, दुसरा शाळेचा, तिसरा मनात बोळाचा पण कागदावर शाळेचा, कारण शाळाच त्याच्या जवळ आहे. म्हणजे दिवा शाळेत लागायला हवा, असे अधिकारी समजणार. चौथ्याला ‘इट’ची शेपटी. मी काकांना विचारले, बोळ कोणता हे त्या कार्यालयाला पत्त्यावरून कळणार आहे ना? ते हो म्हणाले. म्हणजे ‘शाळेमागे’ ही जास्तीची माहिती झाली, तिला कुंपण हवे. दिवा किती? एकच. मग ‘द ओन्ली’ पुरे, दिव्यासाठी वेगळे विशेषण वाक्य नको. शाळेच्या दुरुस्तीचा दिव्याशी संबंध काय? काही नाही, पण ती झाली हे त्यांना ठाऊक असावे, असे काकांचे म्हणणे पडले. ते मी ऐकले नाही. अर्ज गेला तो असा: "द ओन्ली स्ट्रीटलाइट इन अवर लेन, व्हिच इज बिहाइंड द स्कूल, हॅज नॉट वर्क्ड फॉर टू मंथ्स." काकांनी तो दोनदा वाचला, ‘लेन’नंतरच्या स्वल्पविरामावर बोट ठेवले आणि विचारले की शाळेच्या मागे आहे तो दिवा की बोळ. मी पेन त्यांच्याच हातात दिले. त्यांनी ‘अवर लेन’ आणि पुढचे कुंपण, दोन्ही खोडून "द ओन्ली स्ट्रीटलाइट इन द लेन बिहाइंड द स्कूल" असे लिहिले, आणि ‘व्हिच’ एकही उरला नाही.